‘स्वामी’ अपुरी का सोडली?



आपल्या अंकाच्या या पानावर बहुतेक वेळा एखादा कायदा, एखादा मोर्चा किंवा एखादी केस असते. या वेळी मी एका कादंबरीविषयी लिहिते आहे, आणि तीही पूर्ण न वाचलेल्या. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ मी थेऊरच्या पानांपाशी मिटली आणि पुन्हा उघडली नाही. १९६२ साली आलेली ही कादंबरी. १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. साठ वर्षे ती मराठी घरांच्या कपाटात मानाच्या जागी आहे, वाढदिवसाला भेट म्हणून दिली जाते आहे. ती एका कार्यकर्तीने वाचायची सोडली, यात संपादकीय लिहिण्यासारखे काय आहे, असे तुमच्यापैकी कोणी विचारेल. मला वाटते, आहे.

रणजित देसाई माझे आवडते लेखक आहेत. एम.एस.डब्ल्यू. करताना ‘गुन्हेगार’ असा शिक्का बसलेल्या जमातींवर आम्हाला टिपणे होती, सर्वेक्षणे होती. बेरडांच्या जगण्यावरची ‘बारी’ वाचली आणि त्या टिपणांमागची माणसे दिसली. ‘राधेय’मध्ये जन्मावरून हिणवल्या गेलेल्या कर्णाचा सल त्यांनी असा लिहिला, की वस्तीत काम करताना आजही तो आठवतो. समाजाने ज्याला बाहेर उभे केले, त्याच्या आत शिरून पाहण्याची नजर या लेखकाकडे होती. म्हणून अपेक्षाही मोठी होती. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही अशा लेखकाचे पुस्तक आपण मुकाट्याने बाजूला ठेवतो, त्याच्यावर लिहीत बसत नाही.

आमच्या तालुक्याच्या गावी एकट्या स्त्रियांचा एक गट आहे. काही विधवा, काही परित्यक्ता, काही मारहाणीला कंटाळून स्वतःहून बाहेर पडलेल्या. शनिवारी संध्याकाळी कर्जाचे हप्ते, रेशनकार्डावरचे नाव, सासरच्या सातबाऱ्यावरची वारसनोंद हे विषय संपले, की तासभर आम्ही मोठ्याने वाचतो. ‘स्वामी’ गटातल्या बायकांनीच सुचवली. कोणी मालिका पाहिली होती, कोणी नुसते नाव ऐकले होते. आवडत्या लेखकाची राहून गेलेली कादंबरी म्हणून मलाही हुरूप होता.

सुरुवातीचे शनिवार छान गेले. रमा सगळ्यांना आवडली. पेशव्यांच्या वाड्यातली ती अल्लड मुलगी, तिचे रुसणे, माधवरावांचे तिच्याशी हळुवार बोलणे. ऐतिहासिक कादंबरीत नवरा-बायको एकमेकांशी माणसांसारखे बोलतात याचे बायकांना अप्रूप वाटले, आणि ते वाटावे असेच आहे. मग माधवरावांचा आजार वाढू लागला, मुक्काम थेऊरला हलला, आणि गट गप्प होऊ लागला. त्या दिवशी मी पान उलटण्याआधीच एक मावशी बोलल्या. वय पंचेचाळीस, बाविसाव्या वर्षी नवरा गेला, दोन मुले मोलमजुरी करून वाढवली. त्या म्हणाल्या, “ताई, पुढचं ठाऊक आहे. ती जाणार, आणि तिचं प्रेम खरं होतं असं सगळे म्हणणार. मग मी मागं राहिले, तर माझं प्रेम कमी होतं का?”

कोणी काही बोलले नाही. पुस्तक मिटले ते तिथे.

हा प्रश्न भावनेचा म्हणून सोडून देता येत नाही. तो त्या कादंबरीवरचा सगळ्यात नेमका आक्षेप आहे. रमा-माधवाचे प्रेम हा ‘स्वामी’चा गाभा. सारे राजकारण, चुलत्याशी झगडे, कर्नाटकातल्या मोहिमा यांच्या मधोमध हे प्रेम तेवत ठेवलेले आहे. आणि शेवट मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असतो : १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव गेले, रमाबाई सती गेल्या. शेवट ठाऊक असलेली गोष्ट लेखक सांगतो, तेव्हा ‘काय झाले’ हे सांगणे त्याच्या हातात नसते. ‘त्याचा अर्थ काय’ हे असते. ‘स्वामी’त पान-पान करून जे प्रेम रचले आहे, त्याची पूर्तता म्हणून चिता समोर येते. हळुवार संसाराची शेवटची पायरी म्हणून आग येते. मग विशीतल्या एका मुलीला जिवंत जाळणाऱ्या प्रथेचा राग कोणाला येणार? वाचक डोळे पुसतो आणि हात जोडतो. कादंबरीचे नावही पाहा. ‘स्वामी’ म्हणजे राज्याचा धनी, आणि ‘स्वामी’ म्हणजे नवरा. त्या एका शब्दात तिचे सगळे आयुष्य बसवून टाकले आहे.

बाकीच्या स्त्रियांचे काय? गोपिकाबाई येतात त्या करड्या आई म्हणून, आनंदीबाई येतात त्या महत्त्वाकांक्षी, कारस्थानी म्हणून. जी राजकारणात बोलते ती वाईट आणि जी नवऱ्यामागे जाते ती थोर, ही वाटणी आपल्याला नवी नाही. आपल्या कीर्तनांत, सिनेमांत, लग्नातल्या उपदेशांत ती रोजची आहे. ‘बारी’ लिहिणाऱ्या लेखकाने ती जशीच्या तशी उचलावी, हे मला लागले.

यावर एक उत्तर हमखास येते. “त्या काळाला आजचे निकष लावू नका. तेव्हा तसेच होते.” चळवळीतल्या मैत्रिणींनी हे उत्तर अनेक व्यासपीठांवर ऐकले असेल. म्हणून थोडे थांबून ‘तेव्हा’ काय होते ते पाहू.

बाजीराव १७४० साली गेले. काशीबाई सती गेल्या नाहीत, त्या पुढे जगल्या. नानासाहेब १७६१ साली गेले. गोपिकाबाई, म्हणजे रमाबाईंच्याच सासूबाई, सती गेल्या नाहीत. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ नाहीसे झाले. पार्वतीबाईंनी ते गेले हेच मान्य केले नाही, कुंकू पुसले नाही, आणि त्या १७८३ पर्यंत जगल्या. माधवरावांच्या मृत्यूला वर्ष व्हायच्या आत, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव शनिवारवाड्यात मारला गेला. त्याची बायको गंगाबाई गरोदर होती. ती सती गेली नाही, कारण तिच्या पोटात पेशवाईचा वारस होता. कारभाऱ्यांनी तिला पुरंदरावर नेऊन जपले. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले.

म्हणजे एकाच घरात, एकाच काळात, एकाच धर्मशास्त्राखाली एक गेली आणि चौघी राहिल्या. मुले-बाळे असलेली राहिली, पोटात वारस असलेली राहिली, नवरा गेलाच नाही असे म्हणणारी राहिली. जिला मूल नव्हते ती गेली. प्रत्येकीच्या मनात काय होते हे कागदांवरून कोणी सांगू शकणार नाही. पण नात्याची बेरीज इतकी उघड दिसत असताना केवळ ‘अतीव प्रेम’ हे कारण पुढे करणे हा इतिहास होत नाही.

वाड्याबाहेर पाहा. शहाजीराजे १६६४ साली गेले तेव्हा जिजाबाईंना सती जाण्यापासून शिवाजी महाराजांनी परावृत्त केले. राजाराम महाराज १७०० साली गेले आणि ताराबाईंनी औरंगजेबाशी लढाई चालू ठेवली. १७४९ साली शाहू महाराज गेल्यावर सकवारबाई सती गेल्या. त्यामागे वारसाहक्काचे राजकारण होते, असे इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. खंडेराव होळकर १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. सासरे मल्हारराव यांनी अहिल्याबाईंना सती जाऊ दिले नाही, आणि १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्य सांभाळले. त्याच अहिल्याबाईंची लेक मुक्ताबाई १७९१ साली सती गेली. आई विनवत राहिली, लेक थांबली नाही. त्या काळातही सतीला विरोध करणारे लोक होते, आणि त्यांची नावे आपल्या इतिहासातली सगळ्यात मोठी नावे आहेत. तेव्हा ‘तो काळच तसा होता’ असे म्हणणे म्हणजे त्या काळावरच अन्याय करणे आहे.

आणि कादंबरी काही १७७२ साली लिहिलेली नाही. बंगालमध्ये सतीबंदीचा कायदा झाला तो १८२९ साली. विधवा-पुनर्विवाहाचा कायदा १८५६चा. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७ची, आणि तिचा विषय विधवांची स्थिती हाच आहे. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ची. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९चे. हरी नारायण आपटे यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो’मध्ये यमूला स्वतःच्या तोंडाने बोलू दिले, तिच्या केशवपनापर्यंत वाचकाला फरफटत नेले, ते एकोणिसावे शतक संपायच्या आत. मराठी कादंबरी जन्माला आली ती मागे राहिलेल्या बाईचे दुःख सांगत. शंभर वर्षांनी तीच कादंबरी मागे न राहिलेल्या बाईची आरती करू लागली. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते, अभिमानाची गरज होती, पराक्रमाच्या कथांना मागणी होती, हे सगळे खरे. पण त्या अभिमानाची किंमत कोणाच्या देहातून वसूल झाली, हे विचारायला नको का?

कोणी म्हणेल, कादंबरी वाचून काही कोणी सती जात नाही. बरोबर आहे. पण एक योगायोग विसरता येत नाही. ‘स्वामी’ची मालिका दूरदर्शनवर आली १९८७ साली. सुंदर रमा, देखणे माधवराव, घरोघरी कौतुक. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला राजस्थानातल्या देवराला गावात अठरा वर्षांची रूपकुंवर नवऱ्याच्या चितेवर जळाली. लग्नाला आठ महिनेही झाले नव्हते. उच्च न्यायालयाची मनाई असतानाही तिचा चुनरी महोत्सव झाला, त्याला प्रचंड गर्दी लोटली. ती मनाने गेली की ढकलली गेली, यावर देशभर वाद झाला. आपल्या चळवळीतल्या थोरल्या मैत्रिणींनी त्या वेळी रस्त्यावर उतरून सांगितले, की विधवेचे जगणे आधीच मरणासारखे करून ठेवायचे आणि मग तिने मरण ‘निवडले’ म्हणायचे, याला निवड म्हणत नाहीत. त्याच वर्षी केंद्राचा सतीप्रतिबंधक कायदा झाला. त्यात स्वेच्छेचा दावा मान्य नाही, आणि सतीचे उदात्तीकरण हाही गुन्हा आहे. त्याला एक ते सात वर्षे कैद आहे. कायदा झाला, पण पुढे काय झाले तेही लक्षात ठेवू. ऑक्टोबर २०२४ मध्ये जयपूरच्या विशेष न्यायालयाने उदात्तीकरणाच्या खटल्यातल्या आठ जणांना पुराव्याअभावी सोडून दिले. सदतीस वर्षांनी.

देवराल्याची गर्दी ‘स्वामी’ वाचून जमली नव्हती. पण देवराल्याचा संताप करणारे आपण थेऊरच्या चितेपुढे मात्र सुस्कारा टाकतो, ही विसंगती आपल्या घरातली आहे. राजस्थानातली सती म्हणजे मागासलेपणा आणि आपल्या पेशवाईतली सती म्हणजे अजरामर प्रेम, असे दोन तराजू ठेवता येणार नाहीत. अष्टविनायकाच्या यात्रेत थेऊरचा चिंतामणी आहे. तिथे नदीकाठी रमाबाईंचे स्मारक आहे. तिथे थांबणाऱ्या आयाबाया आपल्या मुलींना काय सांगत असतील, याचा विचार आपण कधी केला आहे का?

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आपल्याविषयी गैरसमज पसरवायला लोक टपलेले असतात. ‘स्वामी’वर बंदी घाला, ती ग्रंथालयातून काढा, असे मी म्हणत नाही. कादंबरी म्हणजे चुनरी महोत्सव नव्हे, आणि पुस्तके बंद करून कोणाचीच सुटका होत नाही. उलट ती वाचली जावी, पण मोठ्याने, एकत्र, आणि प्रश्न विचारत. आणि प्रश्नांना उत्तर मिळत नसेल तर मिटण्याचा हक्क वाचणारीला असावा. ताटात वाढलेले टाकू नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे. पुस्तकाच्या बाबतीत तो नियम लावायचे कारण नाही. घरकाम, मजुरी, मुलांचा अभ्यास यांतून बाईच्या वाट्याला वाचनाचा जो तास येतो, तो फार महागाचा असतो. तो कोणावर खर्चायचा हे तिने ठरवावे. पुरस्कारांनी किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते ठरवू नये.

हा प्रश्न साहित्यापुरता नाही. आजही गावोगाव नवरा गेला की बाईचे कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात, मंगळसूत्र तोडतात, जोडवी काढतात. हे करायला बहुधा बायकाच पुढे असतात. हळदीकुंकवाला तिला बोलावत नाहीत, मुलीच्या लग्नात तिने मागे उभे राहायचे. या सगळ्या विधींतून तिला एकच गोष्ट सांगितली जाते : तू जगलीस ही तुझी चूक आहे. सती आणि केशवपन गेले, पण ही शिकवण गेली नाही. आणि जोवर ‘ती गेली, म्हणून ती थोर’ असे आपण कथेत म्हणत राहू, तोवर ‘ही राहिली, म्हणून ही अपुरी’ हे वाक्य न बोलताही ऐकू येत राहणार. आमच्या गटातल्या मावशींना ते ऐकू आले.

बदल होत नाहीत असे नाही. रणजित देसाई कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोवाडचे. त्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचे नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असे आवाहन केले. ठराव कागदावरून चुलीपर्यंत पोचायला वेळ लागतो, हे आपल्याइतके कोणाला माहीत आहे! पण एका गावाने भर सभेत म्हटले, की मागे राहिलेली बाई अपुरी नाही. या ठरावाला साजेशी कथाही आपल्याला हवी.

म्हणून कार्यकर्त्या मैत्रिणींना एक सुचवावेसे वाटते. आपल्या शिबिरांत कायद्याची माहिती देतो, आरोग्याचे तक्ते लावतो. त्यात गोष्टींचे वाचनही आणू या. कोणतीही ऐतिहासिक कादंबरी घ्या आणि गटात साधे प्रश्न विचारा. यातली बाई पुरुष समोर नसताना काय करते? वाड्यात धुणी-भांडी, दळण-कांडण करणाऱ्या कुणबिणी, बटकी यांना नाव आहे का? बाईच्या शहाणपणाला ‘मसलत’ म्हटले आहे की ‘कारस्थान’? तिचे मरण किती पाने घेते आणि तिचे जगणे किती? आणि जी मागे राहिली, तिचे पुढे काय झाले ते लेखकाने सांगितले का? हे विचारायला पदवी लागत नाही. आमच्या गटातल्या चौथी शिकलेल्या बायका ते माझ्याआधी विचारतात.

लेखन करणाऱ्या मैत्रिणींना दुसरी विनंती. गंगाबाईकडे पाहा. नवऱ्याचा खून झालेला, पोटात मूल, भोवती कारभारी, आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर नव्हे, तिच्या पोटावर. पार्वतीबाईंकडे पाहा. १७७६ साली भाऊसाहेबांच्या तोतयाचे प्रकरण पेटले, तेव्हा नवऱ्याची वाट पाहणाऱ्या त्या बाईच्या मनात काय उठले असेल? मुक्ताबाईची चिता पेटल्यावर परत घरी आलेल्या अहिल्याबाईंचे काय झाले असेल? मागे राहण्याला किती धैर्य लागते, हे या बायकांनी दाखवले आहे. जिने त्यांच्या आत शिरून लिहिले, तिची कादंबरी आम्ही शेवटच्या पानापर्यंत वाचू. मोठ्याने वाचू.

गटाने पुढच्या शनिवारपासून ‘बारी’ घ्यायचे ठरवले आहे. लेखक तोच. त्याच्याशी आमचे भांडण नाही. एका पुस्तकाशी आहे, आणि ते आम्ही कारणे सांगून केले आहे.

तुम्ही कोणते पुस्तक असे मिटलेत? कोणत्या पानावर, आणि का? पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी गटातल्या मैत्रिणीला सांगावे, तिने लिहून घ्यावे. आपण काय वाचतो याची यादी पुष्कळ जण करतात. आपण काय नाकारतो आणि का नाकारतो, याची नोंद आपण करू या.